मैत्रीपूर्ण बाप आणि कारंज्याची बस

शाळकरी मुलीचा पाठलाग केला म्हणून मला एसटीत पकडण्यात आलं, आणि पकडणाऱ्यांची काहीही चूक नव्हती. मुलगी माझीच होती, एवढाच काय तो माझ्या बाजूचा मुद्दा!

माझी मुलगी जान्हवी आठवीतून नववीत गेली आणि तिच्या खोलीचं दार लागलं. आधी ती शाळेतून आली की चपला काढायच्या आत सगळा दिवस सांगून मोकळी व्हायची. आता मी विचारायचं, "काय झालं शाळेत?" आणि तिनं म्हणायचं, "काई नाई." मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो. लोकांनी गप्प बसावं म्हणून मला पगार मिळतो. पण घरातल्या या शांततेनं माझी झोप उडाली.

त्यातच शाळेत पालकसभा झाली. किशोरवयातल्या मुलांच्या मनावर बोलायला एक बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "या वयात मुलं बदलतात. घाबरू नका. प्रश्न कमी विचारा, मैत्री करा आणि बदलांवर लक्ष ठेवा."

"घाबरू नका" हे सोडून बाकी सगळं मी मनापासून पाळलं.

दुसऱ्याच दिवशी मी जान्हवीच्या दारावर हलकेच टकटक केलं आणि म्हणालो, "काय यार, कशी आहे?"

आतून आवाज आला, "बाबा, तुमाले बरं वाटून राह्यलं ना?"

मी हार मानली नाही. जेवताना तिच्याकडे बघून हसायला लागलो. (समजूतदार हसू. आरशासमोर सराव केला होता.) सगळं हळू आणि गोड बोलायला लागलो. एकदा वरण वाढता वाढता म्हणालो, "जान्हवी, मले तुझ्या भावना समजतात."

स्वयंपाकघरातून बायको, सुनीता, झारा घेऊनच बाहेर आली. "कोण भावना?"

यानंतर जान्हवीचं दार जास्तच घट्ट लागायला लागलं. आणि एके दिवशी त्या दारापाशी लक्ष ठेवत उभा असताना (कान लावून नव्हे, कान आपोआप लागला होता!) मी ऐकलं. ती फोनवर कुजबुजत होती, "नाई, घरी नाई सांगतलं. मले आता पाहवत नाई. रविवारी सकाळच्या बसनं येतो."

पेपरात वाचलेल्या सगळ्या बातम्या एका रांगेत डोळ्यांपुढून गेल्या. मी सुनीताला गाठलं.

"पोट्टी पळून चालली!"

"काऊन पळंल? रविवारी मैत्रिणीकडे अभ्यासाले जातो म्हणे. सरळ विचारा न तिले."

"प्रश्न विचारायचे नाईत! विश्वास तुटते!"

म्हणून विश्वास न तोडता मी रविवारी तिच्या मागे निघालो. तोंडाला उन्हाचा पांढरा दुपट्टा गुंडाळला, वर काळा चष्मा चढवला. बोरगावच्या चौकातून ती ऑटोत बसली, मागच्या ऑटोत मी. बसस्टँडवर ती ज्या बसमध्ये चढली त्याच बसमध्ये मी मागच्या दारानं घुसणार होतो, पण बसला मागचं दारच नव्हतं! शेवटी मान खाली घालून तिच्या अगदी जवळून गेलो आणि मागच्या सीटवर जाऊन लपलो.

कंडक्टर आला. "कुठं जाता जी?"

हे मी ठरवलंच नव्हतं.

"ते समोरची पोरगी जिथं उतरंल न, तिथंच द्या."

कंडक्टरचा चेहरा बदलला. "अन् ते कोण तुमची?"

"हळू बोला! तिले समजू देऊ नका!"

आता हे वाक्य आठवलं की मलाच मला धरावंसं वाटतं. शेजारच्या काकूंनी तेच केलं. माझी कॉलर पकडून त्यांनी असा काही आवाज लावला की ड्रायव्हरनं बस बाजूला घेतली. "तोंड झाकून लेकराच्या मागं फिरते! काढ तो दुपट्टा!" कोणी चष्मा ओढला, कोणी दुपट्टा. "पोलिसाईले बोलवा!" "आधी दोन ठेवून द्या!" मी ओरडत होतो, "बाप हो मी तिचा!" पण तोंडात दुपट्ट्याचं टोक असल्यामुळे ते कोणालाच कळलं नाही.

कंडक्टरनं जान्हवीला मागे बोलावलं. "बेटा, घाबरू नको. याले ओळखते का तू?"

जान्हवीनं माझ्याकडे पाहिलं. तिचा एक 'नाई' आणि माझी रवानगी थेट पोलीस ठाण्यात! देवाशपथ सांगतो, मी लेकीकडे हात जोडले.

"हाव," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "माझे बाबा आहेत. त्याईले मारू नका जी. त्याईची तब्येत बरी नाई. मनाची."

काकूंनी कॉलर सोडली, हातानं नीट बसवली आणि मला एक संत्रं सोलून दिलं. एकानं खिडकीची जागा दिली. पुढच्या प्रवासात प्रत्येकानं माझ्याशी हळू आणि गोड आवाजात बोलायला सुरुवात केली. अंगावर काटा येतो हो तशा बोलण्यानं!

बस कारंज्याला थांबली. स्टँडवर वाट पाहत उभी होती माझी सख्खी धाकटी बहीण.

"आत्या!" जान्हवी तिला बिलगून रडायलाच लागली. "आता तर बाबा तोंड झाकून फिरून राह्यले! आपल्याआपणच हसते, मले यार म्हणते, दारापाशी उभे राह्यते. आईले सांगतलं त घाबरंल. म्हणून तुले फोन केला."

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. "काय दादा?"

मी तिथेच बाकड्यावर बसलो. इतके दिवस मी लेकीची काळजी करत होतो आणि लेक माझी!

"अवं, मग मलेच काऊन नाई विचारलं?" मी विचारलं.

"शाळेतल्या मॅडमले विचारलं होतं," ती डोळे पुसत म्हणाली. "त्या म्हणे, मोठ्या माणसाले जास्त प्रश्न विचारू नको, अजून बिघडतात."

"अन् दार काऊन लावते दिवसभर?"

"असंच. बरं वाटते."

एवढंच! मी तिला जवळ घेतलं. ती आधी आखडली (स्टँडवर लोक होते), मग खांद्यावर डोकं टेकवून तिनं नाक माझ्याच शर्टाला पुसलं.

आता आमच्या घरात भरपूर विश्वास आहे. ती दार लावते, मी टकटक करत नाही. आणि मी कुठेही बाहेरगावी निघालो की कुठे जातोय, कोणासोबत जातोय हे तिला सांगून जातो, पोचलो की फोन करतो, आणि अंधार पडायच्या आत घरी येतो.