साडूचे कॅमेरे

मास्तरांनी आयुष्यात एकही वर्ग घेतला नव्हता. ते विद्यापीठाच्या शहर सुरक्षा केंद्रात संशोधक होते. घरफोड्या कुठे होतात, कुठे होत नाहीत आणि का, हा त्यांचा विषय. पण संशोधक म्हणजे नेमकं काय, हे सासुरवाडीत कुणालाच चारचौघांत सांगता येईना. शेवटी सासऱ्यांनी एकदा "आमचे मास्तर" म्हणून टाकलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

काम तसं डोळ्यांत भरणारं नव्हतं. पोलिसांकडच्या नोंदी नकाशावर मांडायच्या आणि मग त्याच गल्ल्या पायी तुडवायच्या. कुठलं मागचं दार झुडपाआड लपतं, कुठल्या जिन्यावरचा दिवा कधीचा गेलाय, कुठल्या कुंपणाला भोक पडलंय. एवढं करून अहवाल लिहायचा, तो चार माणसं वाचणार, त्यातली दोन त्यांच्याच खोलीत बसणारी. मास्तरांची त्याबद्दल फारशी तक्रार नव्हती. धाकटा साडू कॅमेऱ्यांच्या धंद्यात शिरेपर्यंत तरी नव्हती.

हा साडू आधी पाण्याचे फिल्टर विकायचा. मग पडदे विकू लागला. मग एके वर्षी त्याने घरात, दारात, गल्लीत लावायचे कॅमेरे धरले आणि बघता बघता अख्ख्या वसाहतीत त्याच्या दुकानाची पाटी झळकू लागली. सासऱ्यांच्या घरी तर त्याने दारावर एक आणि बैठकीत एक असे दोन कॅमेरे स्वतःच्या हाताने बसवून दिले.

त्याच आठवड्यात सासऱ्यांकडे सगळे जेवायला जमले होते. शेजारचे एक गृहस्थ डोकावले, तेव्हा सासऱ्यांनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हा आमचा धाकटा जावई. सगळ्या वसाहतीवर याची नजर असते बरं का! आणि हे..." सासरे जरा अडखळले, "हे विद्यापीठात असतात."

"हे" आणि "विद्यापीठात" यांच्या मधली ती जागा मास्तरांना सुईसारखी टोचली.

"कॅमेऱ्यामुळे चोऱ्या थांबतात असं अजून सिद्ध झालेलं नाही," ते म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

"चोर तुमचा अभ्यास वाचून येतात का हो, मास्तर?" सासऱ्यांनी विचारलं आणि सगळे खो खो हसले.

धाकटा मात्र हसला नाही. "असं नका म्हणू, बाबा. साडूभाऊंचं डोकं आपल्याला थोडंच आहे?" तो म्हणाला. मनापासून म्हणाला, हेच मास्तरांना जास्त झोंबलं. नुसता बढाईखोर असता तर त्याला नावं ठेवून मोकळं होता आलं असतं.

घरी परतताना बायकोने हवेत नाक वर करून वास घेतला. "काहीतरी करपलंय वाटतं."

"कोण, मी? जळतोय? त्या फिल्टरवाल्यावर?"

"मी तुमचं नावही घेतलं नाही," बायको म्हणाली आणि घर येईपर्यंत हसत राहिली.

मास्तरांनी मग साडूच्या वसाहतीचाच अभ्यास हाती घेतला. वरकरणी कारण सरळ होतं: कॅमेरे लागण्याआधीची आणि नंतरची परिस्थिती तपासायची. आतलं कारण त्यांनी स्वतःलाही उघड सांगितलं नाही. आकडे हाती आले आणि तोंड कडू झालं. घरफोड्या खरंच कमी झाल्या होत्या. त्यांनी आकडेमोड पुन्हा केली, मग पुन्हा एकदा केली. इतक्या कसोशीने त्यांनी स्वतःच्या लाडक्या निष्कर्षांतही कधी चूक शोधली नव्हती. चूक सापडली नाही.

मग दुसरंच काही सापडलं, आणि तेही त्यांना नाही, समोरच्या टेबलावरच्या सहकारी बाईंना. बाई संगणक सुरक्षेतल्या. कुठल्याही यंत्राच्या चोरवाटा हुडकण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. साडूने अभ्यासासाठी म्हणून एक कॅमेरा आनंदाने देऊन ठेवला होता, तो बाईंनी उघडून पाहिला.

"याचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच आहे," त्या म्हणाल्या. "तुमचे साडू सगळीकडे हाच ठेवतात का?"

मास्तरांना साडूचं बोलणं आठवलं. गिऱ्हाइकं पासवर्ड विसरतात आणि मग भरदुपारी फोन करून डोकं खातात, म्हणून आपण सगळ्यांना एकच ठेवतो, असं तो कौतुकाने सांगत असे.

"हो," मास्तर म्हणाले.

"अहो, मग कुणीही कुठूनही त्या लोकांच्या बैठकीत डोकावू शकतं! आपला नियम माहीत आहे ना? आधी ज्याचं यंत्र त्याला कळवायचं, त्याला दुरुस्तीला वेळ द्यायचा, मगच लिहायचं. बरं झालं, घरचाच माणूस आहे. आजच फोन करा."

"आजच करतो," मास्तर म्हणाले.

चेहरा त्यांनी गंभीर ठेवला होता. मनात मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

फोन त्यांनी केला नाही. पुढच्या महिन्यात शहराच्या सुरक्षेवर एक मोठी सभा भरणार होती. तिथे सकाळी साडूचा सत्कार होता आणि दुपारी मास्तर शोधनिबंध वाचणार होते. सासरे पुढच्या रांगेत बसणार होते. मास्तर आंघोळ करताना वाक्यं घोळवू लागले. "ज्यांचा आपण सकाळी गौरव केला, त्यांच्याच कॅमेऱ्यांबद्दल दोन शब्द..." इथे जरा थांबायचं, पाणी प्यायचं. सासऱ्यांचा चेहरा त्यांना स्पष्ट दिसायचा.

"कळवलंत ना?" बाईंनी मध्ये एकदा विचारलं.

"हो, हो. बदलायला घेतलेत त्याने."

लोकांच्या कॅमेऱ्यांत परवानगीशिवाय शिरून खात्री करणं नियमात बसत नव्हतं. बाईंनी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला.

सभेच्या आधीच सासऱ्यांचं घर फुटलं. सासरे गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात गेले होते, सासूबाई सोबत होत्या. भर दुपारी कुणीतरी सावकाश कुलूप काढलं होतं आणि कपाट रिकामं केलं होतं. घाईची कुठेच खूण नव्हती. आपल्याकडे किती वेळ आहे हे चोरांना ठाऊक असावं. कॅमेऱ्यात त्या दुपारचं काहीच चित्रण उरलं नव्हतं, आणि त्यातूनच कुणीतरी घरावर नजर ठेवली असावी, असं पोलीस म्हणाले.

मास्तर आणि बायको धावत पोचले, तेव्हा सासूबाईंनी बैठकीतल्या कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला होता.

"मी इथेच बसून केस विंचरते," त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "इथेच यांच्या गुडघ्याला तेल लावते. कोण बघत होतं गं आम्हाला?"

मेव्हणी रडत होती. साडू भिंतीला टेकून उभा होता, त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याचा फोन सारखा वाजत होता आणि तो उचलत नव्हता. सासरे उठले, लंगडत त्याच्यापाशी गेले आणि त्याच्या पाठीवर थोपटलं. "तुझा काय दोष, बाळा?" खरा दोष त्या घरात मास्तरांचा होता, पण ते एकट्या मास्तरांनाच माहीत होतं. आणि तरीही त्यांचं लक्ष गेलं ते त्या थोपटणाऱ्या हाताकडे. आपल्या पाठीवर तो कधी पडला होता, हे ते आठवत राहिले.

पोलिसांनी केंद्राची मदत मागितली. बाईंनी सासऱ्यांच्या कॅमेऱ्यातल्या नोंदी तपासल्या. कुणीतरी परका कित्येक दिवस त्यात रोज शिरून बघत होता. बाईंनी खुर्ची वळवली.

"पासवर्ड जुनाच आहे."

मास्तर समोरचे कागद सारखे करू लागले.

"तुम्ही कळवलंच नव्हतंत." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "का?"

याचं उत्तर मास्तरांकडे होतं, पण मोठ्या माणसाने तोंडाने उच्चारावं असं ते नव्हतं.

"आजच्या आज तुम्ही त्यांना सांगा," बाई म्हणाल्या. "नाहीतर मी सांगणार आहे."

साडूच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरवर लोकांनी परत आणून टाकलेल्या कॅमेऱ्यांचा ढीग होता. मास्तरांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, सभेत काय बोलणार होते तेही.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. "आणि मला फोन नाही केलात."

"नाही."

"मी गाढवच, साडूभाऊ. मला त्यातलं कळत नाही. पण तुम्हाला तर कळत होतं ना?"

मास्तरांना वाटलं, आता हा गळपट्टी धरेल. धरली असती तर बरं झालं असतं. साडूने एक कॅमेरा उचलला, शर्टाच्या बाहीने पुसला आणि परत ढिगावर ठेवला.

"घरात मी काही बोलणार नाही," तो म्हणाला. "आईंना झोप लागत नाहीये. त्यात अजून हे कशाला? पण ते पासवर्ड कसे बदलायचे, ते मला शिकवा."

आणि मास्तर, जे लाजेने मान खाली घालून उभे होते, त्यांच्या छातीत पुन्हा तीच जुनी कळ उठली. मोठेपणातही हाच पुढे! हेसुद्धा यालाच जमावं!

पुढचे कित्येक दिवस दोघे मिळून घरोघर हिंडले. साडू माफी मागायचा आणि मास्तर पासवर्ड बदलायचे. काही लोकांनी दारातूनच हाकललं, काहींनी चहा दिला. सगळ्यात शेवटी सासऱ्यांचं घर उरलं. बैठकीतल्या कॅमेऱ्यासाठी मास्तर स्टुलावर चढले होते, खाली साडू स्टूल धरून उभा होता.

"बघा, मास्तर," सासूबाई म्हणाल्या, "एवढं नुकसान झालं, पण पोरगा तोंड लपवून बसला नाही. घराघरात जाऊन निस्तरतोय. शिका जरा त्याच्याकडून."

साडूने वर पाहिलं आणि लगेच नजर वळवली. त्याचं ते गप्प राहणं मास्तरांना सोसवेना. जन्मभर या माणसाच्या उपकाराखाली राहायचं, आणि ते त्या दोघांनाच ठाऊक असायचं? ते स्टुलावरून उतरले.

"आई, ही चूक मला महिनाभर आधी कळली होती. याला मी मुद्दाम सांगितलं नाही. सगळ्यांसमोर याचं नाक कापायचं होतं मला."

खरं बोलायलाही त्यांना अखेर मत्सरच कामी आला.

सासूबाईंनी कॅमेऱ्यावरून काढलेल्या टॉवेलाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. सासरे उठून आतल्या खोलीत गेले आणि मास्तर निघेपर्यंत बाहेर आले नाहीत. त्यानंतर बरेच महिने त्यांनी मास्तरांना मास्तर म्हटलं नाही, काहीच म्हटलं नाही. बायको दोन दिवस अबोल होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला दिसत होतं तुमचं. मला वाटलं गंमत आहे. मीही हसतच बसले."

सभेत सत्कार झाला नाही. मास्तरांनी आपला निबंध मागे घेतला. पुढे तो बाईंनी नव्याने लिहिला आणि स्वतःचं नाव आधी घातलं. मास्तरांनी हूं की चूं केलं नाही. त्यात त्या वसाहतीतल्या घरफोड्या कमी झाल्याचे आकडे होते, आणि कॅमेऱ्यांतली त्रुटी माहीत असूनही वेळेवर कळवली गेली नाही, हेही स्पष्ट लिहिलं होतं.

वर्षभराने साडूला नदीपलीकडच्या वसाहतीचं काम मिळालं. प्रत्येक घराला वेगळा पासवर्ड, तो कसा जपायचा याचं शिक्षण दुकानाकडून. बायकोने ही बातमी सांगितली, तेव्हा मास्तर नकाशावर वाकले होते.

"बरं झालं," ते म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "खरंच?"

मास्तरांनी मान वर केली.

"अर्धं खरं," ते म्हणाले आणि पुन्हा नकाशावर वाकले.