नाव घ्या, बाई

देवाची आणि माझी ओळख बायकोमार्फत होती. ती देवळात जाई, मी बाहेर चपलांजवळ उभा राहून फलकावरच्या देणगीदारांच्या नावांतल्या शुद्धलेखनाच्या चुका मोजी. देवाने कधी मला आत बोलावले नाही, मीही कधी त्याच्या कामात ढवळाढवळ केली नाही. रत्नागिरीतल्या एका वाचनालयात तीस वर्षे पुस्तकांची देवघेव सांभाळल्यावर माणसाला वाटू लागते की, जगातले सगळे प्रश्न कुठल्या ना कुठल्या कपाटात नोंदलेले आहेत. फक्त क्रमांक सापडायला हवा. पुढे जे लिहिणार आहे त्याचा क्रमांक मला अजून सापडलेला नाही.

एका सकाळी कुसुम नारळ खवत बसली होती. मी नेहमीप्रमाणे दुसऱ्यांदा चहा मागितला. नेहमीप्रमाणे काहीतरी टोला हाणायला तिने वर पाहिले, ओठ हलले, पण शब्द आला नाही. उजव्या हातातली नारळाची कवड सुटून घरंगळत माझ्या पायाशी आली. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. वेळेवर नेल्यामुळे ती वाचली. बारा दिवसांनी घरी आली तेव्हा उजवा पाय ओढत होता, उजवा हात लोंबत होता आणि साऱ्या मराठी भाषेतून तिच्याकडे एकच शब्द उरला होता: "बरं."

लग्नाला चाळीस वर्षे झाली होती आणि माझ्या प्रत्येक बोलण्याला ती प्रथमच "बरं" म्हणत होती. पहिले दोन दिवस मी ही थट्टा लोकांना सांगितली. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडलो.

वाचा-उपचार करणारी मुलगी हुशार होती. माझी जुनी नोकरी समजल्यावर तिने माझ्याच भाषेत समजावले. "काका, काकूंचं वाचनालय शाबूत आहे. पुस्तकं जागच्या जागी आहेत, त्यांना आपलं सगळं कळतंय. फक्त देवघेवीची खिडकी बंद पडलीय." याला ब्रोकाचा वाचाघात म्हणतात. मेंदूच्या डाव्या भागात पुढच्या बाजूला इजा झाली की माणसाला समजते सगळे, पण बोलताना एकेक शब्द विहिरीतून ओढल्यासारखा काढावा लागतो. मागच्या बाजूला इजा झाली तर उलटे होते. खिडकी सताड उघडी, पण मागाल ते सोडून भलतेच पुस्तक हाती येते, आणि देणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. तो वेर्निकेचा. कुणाची फक्त लेबले गळून पडतात. वस्तू ओळखीची, नाव तेवढे सापडत नाही. आणि कुणाचे सगळेच वाचनालय जळून जाते. ते ऐकताना मी कुसुमकडे पाहिले नाही.

वेर्निकेचा नमुना उपचार केंद्रात आमच्या शेजारच्याच बाकावर बसत असे. मांडवीचे एक तांडेल, जन्मभर होडी हाकलेला माणूस. आम्ही टेकलो की तो माझ्याकडे वळून ऐटीत म्हणे, "वारा वाटीत घातला नि चार खिडक्या पाण्याला बसल्या, काय वो? नायतर घोडा कुठला नि चुना कुठला!" सूर अस्सल रत्नागिरीचा, हातवारे बरोबर, अर्थ शून्य. त्याची बायको हसीनाभाभी शांतपणे "व्हय, व्हय" म्हणे. मला म्हणाली, "भाऊ, आधी पन ते बोलायचे नि मी व्हय म्हनायची. तवा तरी काय समजत व्हतं?" कुसुम यावर डाव्या हाताने तोंड झाकून हसली. हसणे कुठल्याच बाजूला बिघडले नव्हते.

मला छळत होता तो दर आठवड्याचा एक प्रश्न. वाचा-उपचार करणारी ती मुलगी, म्हणजे सगळ्यांच्या मॅडम, विचारायच्या, "काकू, यांचं नाव काय?" कुसुम माझ्याकडे बघायची, डोळ्यांत पाणी आणायची आणि म्हणायची, "बरं." तक्त्यात फुली पडायची. मी मागून "पहिलं अक्षर सांगू का?" म्हणून पुढे व्हायचो. मॅडम म्हणायच्या, "काका, पेपर काकूंचा आहे. तुम्ही थांबायला शिका." थांबणे मला जमत नव्हते. घरीही तिने हात उचलला की मी "पाणी? पंखा? पोळी?" असा मारा करी, आणि ती दमून डोळे मिटून घेई. खरे म्हणजे मला भीती वाटत होती. तिच्या आत माझे नाव आहे की पुसले गेले, एवढेच मला जाणून घ्यायचे होते.

एकदा फुली पडल्यावर हसीनाभाभी बाहेर मला म्हणाली, "भाऊ, पन त्यांनी तुमचं नाव घेतलंन कधी? मी तर यांचं अजून घेतलेलं नाय. पोरांचा बापूस म्हनते." चाळीस वर्षे मी "अहो" होतो. जे नाव तिने धडधाकटपणी घरात कधी उच्चारले नाही, ते आजारपणात येत नाही म्हणून आम्ही दर आठवड्याला तिला नापास करत होतो. मग पुढचा प्रश्न उभा राहिला: आता ते आहे की नाही, हे कळणार तरी कसे?

याच सुमारास एका नातेवाइकाने आम्हाला एका महाराजांच्या शिबिराला नेण्याचा घाट घातला. नावाआधी तीन वेळा श्री आणि ध्वनिक्षेपकावरून दोन तास मौनाचे महत्त्व. मी नकार दिला. कुसुमने मात्र दुसऱ्याच दिवशी कपाटातून नवे लुगडे काढले, खण काढला, नारळ ठेवला आणि डावे बोट उत्तरेकडे दाखवले. माहेर. गुहागरच्या बाजूला तिच्या गावची देवी आहे. दरवर्षी ती तिची ओटी भरते. मी म्हणालो, "या स्थितीत?" ती म्हणाली, "बरं." पण या वेळच्या सुरात वादाला जागा नव्हती.

जयगडहून फेरीबोटीने खाडी ओलांडून आम्ही दुपारी पोहोचलो. नेहमीचा गुरव लग्नाला गेला होता. त्याच्या जागी सावर्ड्याहून आलेली त्याची म्हातारी मावशी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसली होती. तिने आम्हाला कधी पाहिलेले नव्हते. कुसुमला धरायला कुणी हवे म्हणून मला आत जावे लागले. त्या देवीपुढे रीत अशी की ओटी देताना बाईने नवऱ्याचे नाव घ्यायचे; नुसते नाही, उखाण्यात. हे मला बाहेर उभे राहण्याच्या सवयीमुळे माहीतच नव्हते.

"नाव घ्या, बाई," म्हातारी म्हणाली.

मी म्हणालो, "आजी, तिला बोलता येत नाही."

"काय?"

"बोलता येत नाही हिला!" मी ओरडलो.

"नाय येत? सगल्यांना येतं. आता या वयात लाजायचं कशाला?" तिला ऐकू येत नव्हते. मी आजार, मेंदू, डावी बाजू, असे सगळे हातवारे करून सांगू लागलो, तेव्हा ती करवादली, "तुमी बाजूला व्हा बगू. बाप्यानं मधी बोलू नये."

मी बाजूला झालो. ती थांबली. काही न सुचवता, घाई न करता, जगात दुसरे काम नसल्यासारखी थांबली. मग कुसुमचा डावा हात आपल्या हातात घेऊन तिने बोटांनी मनगटावर ठेका धरला आणि तिकडच्या बायकांचा ठरलेला उखाणा गुणगुणली, "आगराला पानी…"

कुसुमचे ओठ हलले. "पाण्याला… पाट," ती म्हणाली. आणि मग एका सुरात, न अडखळता, माझे नाव घेऊन पुढे म्हणाली, "रावांसंगे चालते संसाराची वाट."

काव्य म्हणून त्याची किंमत फार नाही. माझे नाव इथे लिहीत नाही; तिने इतकी वर्षे जपून ठेवले ते मी कशाला उधळू? ते तिच्या आत होते, स्वच्छ, राव लावून. म्हातारीने ओटी देवीपुढे सरकवली, "घेतलंन ना? उगाच आडेवेढे," म्हणाली आणि वाती वळू लागली. मी खांबामागे जाऊन उभा राहिलो. नंतर कुसुमला म्हणालो, "पुन्हा म्हण ना." ती हसून म्हणाली, "बरं," आणि पुढे काही आले नाही.

मॅडमना सांगितले तेव्हा त्यांना आश्चर्य कमी आणि आनंद जास्त झाला. वर्षानुवर्षे म्हणून पाठ झालेले, चालीतले बोलणे पुष्कळदा शाबूत राहते, मेंदूची उजवी बाजू ते सांभाळते, असे त्या म्हणाल्या. सुरुवातीचे शब्द देऊन, हातावर ठेका धरून, चालीवर बोलायला शिकवायची पद्धतही आहे. तीच त्यांनी सुरू केली. म्हणजे जे झाले त्याला कारण आहे, आणि मला ते पटते. फक्त एक बहिरी बाई नेमकी त्या दुपारी तिथे का होती, हे त्यांच्या तक्त्यात नाही. मी विचारलेही नाही. काही पुस्तके नोंद न करताच वाचावीत.

आता कुसुम चालीवर "चहा द्या" म्हणते, "जाऊ या" म्हणते. वाक्ये तोकडी आहेत. मी पुरी करत नाही.

पुढच्या वर्षी आभार मानायला पुन्हा गेलो. मावशी आता तिथेच राहत होती. तिने आम्हाला अजिबात ओळखले नाही. एवढ्या प्रवासात मी तिच्यासाठी जुळवलेले कृतज्ञतेचे भाषण तिला ऐकू येणे शक्य नव्हते, ते बरेच झाले. कुसुमने नाव घेतले. मग म्हातारी माझ्याकडे वळली. "आता तुमी घ्या. गेले कुटं शब्द?"

हजारो पुस्तके हाताळलेला मी, आणि मला एक ओळ सुचेना. कुसुमला सुचत असावे, तिच्या डोळ्यांत दिसत होते. पण तिने मला सुचवले नाही, हसली नाही, मान वळवली नाही. ती नुसती थांबली. कुणीतरी आपल्यासाठी असे थांबते, एवढ्यालाच बहुधा कृपा म्हणत असावेत. आपण फक्त मध्ये बोलायचे नाही.

बऱ्याच वेळाने मी कुसुमचे नाव घेतले. यमक जुळले नाही. देवीने चालवून घेतले.