बोटाएवढ्या काकडीची खेप

आमच्या बेंगळूरमध्ये जी काकडी कुणी तोंडात घालत नाही, तिच्यावर मी घरादाराचं पोट टांगून ठेवलं होतं. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. बोटाएवढी, खडबडीत सालीची ही काकडी परदेशात व्हिनेगर आणि शेपूची फुलं घालून काचेच्या बरणीत भरतात आणि चवीने खातात म्हणे. इथे ती कोशिंबिरीला चालत नाही, गाडीवाला तिखटमीठ लावून विकत नाही. परदेशी गिऱ्हाइकाने घेतली तर सोनं, नाही तर गुरांपुढे. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण माझ्या कानात वारं शिरलं होतं, आणि कुणी शहाणपण सांगायला आलं की मी त्याला भित्रा म्हणत असे.

तोवर घर चालायचं ते अक्काच्या लोणच्यावर. अक्का माझी थोरली बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला, सासरच्यांनी तिला परत पाठवलं, आणि ती कैरीचं लोणचं घालून चिकपेटमागच्या गल्लीतल्या दुकानांत देऊ लागली. वीस वर्षं तिने ते केलं. माझं शिक्षण, माझं लग्न, सगळं त्यावर निभावलं. मला मात्र पिशवीत बरण्या घेऊन दुकानं हिंडण्याची लाज वाटायची.

येलहंक्याच्या पुढे मी पत्र्याची शेड भाड्याने घेतली. परदेशी कंपनीच्या इथल्या एजंटाने स्पष्ट सांगितलं होतं की आधी बाराशे बरण्यांची नमुन्याची खेप. ती पास झाली तर पुढच्या तीन हंगामांचा माल आमचा. नापास झाली तर पुन्हा यायचं नाही.

काकडी भरलेल्या बरण्या झाकण लावून गरम पाण्यात तापवायच्या. निवताना झाकण मधोमध जरासं आत ओढलं जातं. ते तसं राहिलं म्हणजे आत हवा नाही, माल टिकेल. कामाच्या बायकांना मी हात धुण्यापासून केस बांधण्यापर्यंत स्वच्छतेचं सगळं शिकवलं. अक्काला काहीच सांगितलं नाही. लोणचं टिकवणं जिच्या हातचा मळ, तिला मी काय शिकवणार? बरण्या तयार झाल्या तशी शेड तिच्यावर सोपवून मी पुढच्या मालाचं ठरवायला चार दिवस गावांकडे गेलो.

परतलो त्याच सकाळी कंपनीचा तपासनीस आला. चहा नको म्हणाला. खिशातलं पेन काढून त्याने एका झाकणावर ठोकलं. बद्द आवाज आला. दुसरं ठोकलं, तेही बद्द. खोक्यामागून खोकं उघडत तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला. काही बरण्यांतलं पाणी गढूळलेलंही होतं.

"सगळी झाकणं उघडलेली आहेत," तो हिंदीत म्हणाला. "कुणी उघडली?"

अक्का हौसेने पुढे आली. तिला वाटलं, आता कौतुक होणार.

"मीच की रे," ती मला म्हणाली. "गावाला गेलास आणि बघते तर झाकणं सगळी खपाटीला गेलेली. म्हटलं, आत कोंडलंय. रोज आंघोळ करून आम्ही तिघींनी एकूण एक बरणी उघडली, स्वल्प वारा दिला, कोरड्या फडक्याने तोंड पुसलं आणि परत घट्ट लावली. एक फुटली नाही बघ!"

कैरीच्या लोणच्याला पहिले आठ दिवस फडकं बांधतात, रोज कोरड्या चमच्याने ढवळतात. कोंडलं तर नासतं. वीस वर्षं तिचं एक लोणचं नासलं नव्हतं ते ह्याच काळजीमुळे. इथे मात्र कोंडलं तरच टिकणार होतं. हे तिला सांगायचं काम माझं होतं.

मी तपासनीसाला म्हटलं, पुन्हा तापवून देतो, आठच दिवस द्या. खरंच वाकलो त्याच्या पायाशी. तो संकोचून मागे सरला. "उघडलेला माल मी पुढे पाठवला तर माझी नोकरी जाईल, सार," एवढं म्हणाला आणि कागदावर फुली मारून गेला. माणूस वाईट नव्हता. पण कुणावर तरी तोंड टाकल्याशिवाय मला राहवेना.

मी अक्काकडे वळलो. सगळ्या बायकांदेखत ओरडलो, "तुझा हातच तसला! लागेल तिथे वाटोळं! तुझी सासू उगाच नाही म्हणायची!"

नवरा गेल्यावर सासू तिला हेच म्हणाली होती. मी शाळेत असताना एकदा रडत रडत अक्काने ते मला सांगितलं होतं, आणि बाकी कुणालाच नाही. हातातल्या फडक्याची घडी घालून तिने ते खिडकीत ठेवलं आणि बस पकडायला निघाली.

खेप नापास झाली म्हणून वेल थांबत नाही. ही काकडी रोज तोडावी लागते, दोन दिवस राहिली की फुगून वाया जाते. दुसऱ्या सकाळी गावचा टेम्पो पोती घेऊन दारात उभा. "भाव स्वल्प कमी दिलात तरी सरी, चालेल, अण्णा," शेतकरी म्हणाला. मी तरी ती कुणाच्या गळ्यात मारणार? हेब्बाळच्या भाजीवाल्यांनी पोत्यात डोकावूनही पाहिलं नाही. चिकपेटच्या ओळखीच्या दुकानदाराने एक चावली आणि थुंकून टाकली. "अक्काचं लोणचं आण, आत्ता ठेवून घेतो," म्हणाला. तीन आठवडे मी वेड्यासारखा वणवण फिरलो. शेवटी सगळी काकडी गोठ्यांत गेली, आणि शेडही सोडावी लागली.

उन्हाळ्यात मी मार्केटातून टोपलीभर कैऱ्या आणल्या आणि अक्कासमोर ठेवल्या. दुसरा मार्गच उरला नव्हता. म्हटलं, "अक्का, चुकलो मी. दुकानदार वाट बघतायत. तू लोणचं घातलं नाहीस तर घर चालायचं नाही."

तिने टोपलीकडे पाहिलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

"माझा हात नको रे लावायला," ती हळूच म्हणाली. "आता आणखी काही वाईट व्हायला नको तुझ्या घरात."

रागाने म्हणाली असती तर मी तिचे पाय धरले असते. पण तिला ते खरंच वाटत होतं.