शालूआत्या आणि रिकामी खुर्ची

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात शालूआत्या मुलाकडे बघायची नाही आणि मुलीकडेही नाही. स्वयंपाकघराच्या दाराजवळची खुर्ची पकडायची, बशीतले पोहे शेवटच्या शेंगदाण्यापर्यंत संपवायची आणि मुलगी उठून आत जायची वाट बघायची. मग तिची नजर मुलावर जायची. "समोर बसलेल्या पोरीकडे कोण पण बघतो," ती म्हणायची. "ती उठून गेल्यावर तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतो का, ते बघायचं. बघितलं, की हॉल बुक करा."

ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतच्या मालवणी घरांतली किती लग्नं तिने जमवली, तिलाच ठाऊक. मोबदला म्हणून फक्त सुरमईचं जेवण घ्यायची. स्वतः मात्र बिनलग्नाची. कोणी विचारलंच, तर म्हणायची, "हलवाई कधी आपलीच मिठाई खातो?" तिच्या कारकिर्दीला एकच डाग होता, तो म्हणजे मी. तिशी उलटलेला, बरी नोकरी असलेला, कांदिवलीत आईबरोबर राहणारा सख्खा भाचा, आणि प्रत्येक मुलीला नकार. एकीला तर मी ती मांजरं पाळते म्हणून नको म्हटलं होतं. मला मांजरं फार आवडतात.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आत्या आमच्याकडे राहायला आली. आईने तिला मालिका लावून दिल्या, पण तिचं मन रमेना. "कोणाचं कोणाशी लग्न होणार ते पहिल्याच दिवशी कळतं. मग मी बघू काय?" शेवटी रिमोट माझ्या हाती आला. मी तेव्हा एक जपानी ॲनिमे, म्हणजे त्यांची कार्टून मालिका, बघत होतो. त्यात दोन तिरंदाज होते, एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी. आत्याने त्यांची लगेच बारशी उरकली. लांब केसांचा तो केसाळ आणि दुसरा नाकाड्या. खालची इंग्रजी अक्षरं तिला चष्म्यातूनही दिसेनात, म्हणून ती मराठीत वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

मी काय वाचून दाखवलं म्हणता? केसाळ म्हणाला, "तू नसतोस तेव्हा माझा बाण कुठे जातो, मलाच कळत नाही." मी आत्याला सांगितलं, "तो म्हणतोय, तुला हरवीन." नाकाड्या म्हणाला, "मी रोज तुझ्याच पावलांचा आवाज ऐकत असतो." मी सांगितलं, "तो पण म्हणतोय, तुला हरवीन." आख्खी मालिका मी एका वाक्यावर रेटत नेली.

आत्याने पडद्याकडे बोट केलं. मग म्हणाली, "एवढं लांबलचक बोलतात नि अर्थ तेवढाच?"

"जपानी भाषाच तशी असते, आत्या."

त्यानंतर मी तिला जपानी संस्कृती, सामुराई परंपरा आणि प्रतिस्पर्ध्याबद्दलचा आदर यांवर एक व्याख्यान दिलं. मार्व्याहून बोटीत बसून खाडीपलीकडच्या मनोरीला गेलो होतो, त्यापलीकडे मी समुद्र ओलांडलेला नाही. तेवढ्यात पडद्यावर अंतिम सामना आला. नाकाड्याने नेम धरला, केसाळाकडे एकदा बघितलं आणि बाण बाजूच्या झाडात घातला. मी घाईघाईने म्हणालो, "वारा आला, म्हणून चुकला."

आत्या चिडली की मालवणीवर यायची. "मेल्या, वारो खंयचो? झाडाचां पान तरी हललां काय? माका शिकवतंस?" मग चष्मा पुसत तिने निकाल दिला. "मुद्दाम सोडलं त्याने. हे भांडत नाहीत रे. दोघांना भेटायला निमित्त पाहिजे, म्हणून धनुष्य उचलतात."

मी हसण्यावारी नेलं, पण रिमोट उचलून टीव्ही बंद केला. कारण आमच्या सोसायटीच्या बी विंगमध्ये निशांत राहायचा, आणि कॅरममध्ये तो माझा कट्टर प्रतिस्पर्धी होता. घरी मी उठता-बसता त्याच्या नावाने बोटं मोडायचो. निशांत पावडर जास्त टाकतो, निशांत स्ट्रायकर धरतो कसा, निशांतचा तो हिरवा टी-शर्ट बघवत नाही. आईला खरंच वाटायचं, की आमचं हाडवैर आहे. तिला तसंच वाटत राहावं म्हणून तर माझी सगळी धडपड होती. खरं कळलं तर तिचं माझ्यावरचं प्रेम कमी होईल, ही भीती मला रोज सकाळी चहाबरोबर यायची.

एका रविवारी निशांत घरी खेळायला आला. आत्या दाराजवळच्या खुर्चीत पाय लांब करून बसली होती. शेवटी राणी कॉर्नरच्या तोंडाशी आली. लहान पोरानेही घेतली असती. निशांतने माझ्याकडे बघितलं आणि स्ट्रायकर भलतीकडेच मारला. "पावडर जास्त झाली," मी जाहीर केलं. राणी घेतली, जिंकलो, त्याला चार टोमणे मारले आणि तो समोरच्या खुर्चीतून उठून गेला. मग मी बराच वेळ सोंगट्या लावत बसलो. निदान मला तरी वाटत होतं, की मी सोंगट्या लावतोय.

"मंदार," आत्या म्हणाली, "पोहे थंड झाले."

पुढच्या रविवारी मुलुंडची एक मुलगी बघायला जायचं ठरलं होतं. आईने साडीला फॉलसुद्धा लावून घेतला होता. आत्याने कॅरम झालं त्याच संध्याकाळी फोन करून नकार कळवला. आई खवळली. "अहो वन्सं, एवढं चांगलं स्थळ! का?"

"पत्रिका जुळत नाही."

जन्मात कधी पत्रिका उघडून न बघितलेली बाई! "ग्रहांचं जेवणखाण मी बघत नाही," असं ज्योतिषांच्या तोंडावर सांगणारी! आई स्वयंपाकघरात गेल्यावर मी विचारलं, "आत्या, पत्रिका कधी बघितलीस?"

"केसाळाची नि नाकाड्याची बघितली. छत्तीस गुण." मग तिने माझा हात धरला. "घाबरू नको रे बाबू. पण आईला तूच सांग. मी किती जणांच्या पत्रिका बिघडवू?"

मला रडू आलं. तिशी उलटलेला बाप्या तिच्या गुडघ्याशी बसून रडला. तेही ऑपरेशन झालेल्याच गुडघ्यावर डोकं ठेवून. ती कळवळून ओरडली, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

त्यानंतर चार-पाच स्थळं तिने पत्रिकेवरच घालवली. मी मात्र रोज उद्यावर ढकलत राहिलो. आज आईचं डोकं दुखतंय, आज आईचा उपास आहे. थंडीत एका दुपारी आत्या टीव्हीसमोर बसल्या बसल्याच गेली. आईला सांगायचं राहिलं ते राहिलंच, आणि आता पत्रिका बिघडवणारंही कोणी उरलं नाही.

तेराव्याला निशांत आला. पानं वाढली, पाणी भरलं, जेवण गोडाचं असूनही सुरमईची तुकडी आत्याच्या नावाने कावळ्याला ठेवून आला. मग थोडा वेळ माझ्यासमोर खुर्चीत बसला, आईला नमस्कार केला आणि निघाला. दार लागलं. आई आत्याच्या जागी, दाराजवळच्या खुर्चीत बसली होती.

"मंदार."

"काय गं?"

"रिकाम्या खुर्चीकडे बघून झालं असेल, तर जा, त्याला खालपर्यंत सोडून ये." तिने पदराने डोळे पुसले. "एवढी वर्षं वन्संच्या शेजारी बसून पोहे खाल्लेत मी. कुठे बघायचं, ते मलाही कळतं."

मी धावत सुटलो. खाली पोचल्यावर निशांत माझ्या पायांकडे बघून हसायला लागला. एका पायात माझी चप्पल होती आणि दुसऱ्यात आत्याची.