आत्याबाईंच्या हाती

माझ्या सासूबाई, रूथबाई (मी त्यांना आत्याबाई म्हणायचे), कुणाचंही बाळ उचलण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायच्या आणि ओले हात पुढे धरून क्षणभर डोळे मिटायच्या. चाळीस वर्षं त्यांनी भोकरदनात आणि आसपासच्या गावांत बाळंतपणं केली. आमच्या घरात मात्र पाळणा हलला नाही. माझी तीन लेकरं पोटातच गेली.

मी रडले की आत्याबाई म्हणायच्या, "प्रभूनं मला सबुरी दिलीय, तू बी धर. नातवंड हातात घेतल्याबिगर मी न्हाई जाणार. मंग बिलकुल थांबणार न्हाई."

त्या धीर द्यायच्या आणि मला धडकी भरायची. माझी आई लहानपणीच गेलेली. तापात माझ्या उशाशी बसणारं माणूस म्हणजे ह्याच.

एकोणीसशे नव्वदच्या सुमारास मला चौथ्यांदा दिवस गेले. आत्याबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तरच्या. पोटातली हालचाल मंदावली की मी बाळासाठी भ्यायचे. जोरात झाली की आत्याबाईंकडे बघून भ्यायचे.

जालन्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. घरी आले तर आत्याबाई हात धुऊन दारात उभ्या. "आण इकडं."

"आत्ताच झोपलीय," मी म्हटलं. संध्याकाळी सांगितलं, दूध पितेय. दुसऱ्या दिवशी, सर्दी झालीय. सहा दिवस मी खोटं बोलले. "बराबर हाय," म्हणत त्या हात पदराला पुसायच्या. मला लाज वाटायची, पण बाळ द्यायला धजत नव्हते.

सातव्या दिवशी त्या माझ्या खाटेवर येऊन बसल्या. "मला धरून ठेवून राह्यलीस व्हय गं?"

मला हुंदका फुटला.

"येडे, मी प्रभूनं बोलावल्यावर जाणार. ह्या पोरीवर माझं मरण टाकू नको."

मी हादरले. बाळ त्यांच्या हातांत ठेवलं आणि त्यांच्या छातीकडे बघत राहिले. श्वास चालू होता.

"आलीस का माय? लई वाट बघितली," त्या बाळाला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "चहा ठेव जल्दी."

त्यानंतर त्या दोन वर्षं जगल्या. रोज सकाळी मी आधी त्यांचा श्वास ऐकायचे. एका रविवारी उपासनेहून आल्या, आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "मला भेव न्हाई वाटत. तू बी भिऊ नको." दुपारी गेल्या.

मुलगी खाटेवर चढून त्यांचा गाल थोपटत होती. शेजारणी म्हणाल्या, लेकराला बाहेर ने. मी नेलं नाही. तिला तिथंच बसू दिलं.