समुद्र वाचवायला धाडला

समुद्र वाचवायचा म्हणून आम्ही बापलेक सकाळच्या एसटीने खामगावहून निघालो. कंडक्टरला मी धाडची दोन तिकिटं मागितली. समुद्राचं तिकीट त्या गाडीत मिळत नाही.

माझी मुलगी मुक्ता सहा महिने कोकणात राहून आली होती. तिथे ती आणि तिचे सोबती होड्या घेऊन बारीक जाळ्यांच्या मोठ्या बोटींसमोर आडवे जात. माशांची पिल्लंच उपसली तर उद्या समुद्रात राहील काय, हा त्यांचा सवाल. घरी आल्यावर तिला आपल्याकडच्या सुक्या मासळीतही तीच पिल्लं दिसली. "आडवं बसायचं," ती म्हणाली. कुठे बसायचं, ते ठरवण्याचं काम मी अंगावर घेतलं. खामगावात सुक्या मासळीचा ठोक धंदा दिनकरचा, म्हणजे माझ्या मेहुण्याचा. तेव्हा मला एकदम आठवलं, की धाडचा आठवडी बाजार फार मोठा असतो.

बोथ्याच्या घाटात मला मळमळलं. होडीत माझं काय झालं असतं, या विचाराने आणखी मळमळलं. बुलढाण्याला गाडी थांबली तेव्हा मी मिसळ खाल्ली. मुक्ताने चहासुद्धा घेतला नाही.

धाडच्या बाजारात मिरच्यांच्या ढिगांपलीकडे शांताबाई नावाची मासळीवाली गोणपाटावर बोंबील आणि जवळा (कोळंबीसारखी अगदी बारीक मासळी) मांडून बसली होती. मुक्ता फलक घेऊन तिच्यासमोर मांडी घालून बसली. गिऱ्हाइकं थबकली.

"काऊन (का) बसली वं माय? काही हरवलं का?" शांताबाईने विचारलं.

"तुमची मासळी कुणी घेऊ नये म्हणून, मावशी."

"आठवड्यातून हा एकच बाजार हाय माहा. आजचा गेला तं पोरं काय खातीन?"

मुक्ताचा चेहरा उतरला, पण ती हलली नाही. गर्दी जमली. बापानेही काहीतरी करायला हवं, म्हणून मी मूठभर जवळा उचलून ओरडलो, "बघा, तान्ही लेकरं आहेत ही!"

"दादा, जवळा म्हातारा झाला तरी एवढाच ऱ्हायते," शांताबाई म्हणाली. अख्खा बाजार हसला. मी मूठ हळूच उघडली.

मुक्ताने मात्र ढिगातून करंगळीएवढे बोंबील आणि नखाएवढे पापलेट वेचून दाखवले. शांताबाई वाकून बघत राहिली.

"हे मले बी नाही पाह्यजे. पोत्यातच मिसळून येते, अन् गिऱ्हाईक माह्यावर कावते. तुम्ही कुठले?"

"खामगावचे," मी म्हणालो.

"अन् माल बी खामगावचा, दिनकरशेठचा. मंग त्याच्या दारात काऊन नाही बसले?"

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. मी मिरच्यांकडे पाहिलं. ती उठली, शांताबाईची माफी मागून फलक गुंडाळला आणि बसस्टँडकडे निघाली. परतीच्या घाटात मला मळमळलं नाही. मुक्ताच्या प्रश्नांपुढे मळमळायला फुरसतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती मामाच्या गोदामासमोर बसली. हमाल पाठीवरची पोती घेऊन तसेच उभे राहिले. दिनकर म्हणाला, "भाऊजी, उठवा तिले." मी उठवायला वाकलो, गुडघ्याने दगा दिला आणि तिच्याशेजारी बसलो तो बसलोच. लोकांना वाटलं, बाप काय खंबीर आहे!

शेवटी दिनकरने पोतं फोडलं. नखाएवढे पापलेट तळहातावर घेऊन बघितले आणि ती पोती आल्या ट्रकने परत पाठवली. समुद्राला त्याचं काय, कोण जाणे. शांताबाईचं पुढचं पोतं मात्र स्वच्छ निघालं. तिने मुक्ताला तसा फोन केला.

मुक्ता आता हक्काने मामाकडे जेवते. माझ्याशी दिनकर बोलत नाही. माझ्या बायकोने त्याला समजावून पाहिलं.

"भाची दारात बसली, त्याचं मले काही नाही, ताई," तो म्हणाला. "पण घरचा माणूस सोडून भाऊजी आधी धाडले काऊन गेले? मी काय परका हाय?"

बोटीसमोर आडवं कसं जायचं, ते मुक्ता मला शिकवील. दिनकरचं गोदाम आलं की मात्र मी अजून आडवाटेनेच जातो.