सांबार कोण उकळते?

धानाची रोवणी संपली की आमच्या घरी रोवणाऱ्या बायांना कोंबड्याचं जेवण असतं. नागभीडच्या आमच्या पट्ट्यात अशी जेवणं बरीच होतात, पण आईचा रस्सा गाजलेला. आई चुलीजवळ कोणाला फिरकू देत नाही. कोंबडा तीच कापणार, कांदाही तीच चिरणार. मी पोटची लेक असून माझी नेमणूक फुंकणीपुरती.

मागच्या वर्षी त्या जेवणानंतर बायांची पोटं बिघडली. ताप, मुरडा, जुलाब. शेजारच्या वहिनीला तर तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लागलं. मला सोबत घेऊन आई तिथे तांदळाच्या पेजेचा डबा द्यायला गेली, तर वहिनीच्या सासूने डबा परत सरकवला.

"आता तुह्या हातचं नको, बाई."

भाजीवाल्याशी एका जुडीवरून तासभर हुज्जत घालणारी माझी आई डबा पदराखाली घेऊन मागे सरली. मला त्या मागे सरण्याचीच भीती वाटली.

तेवढ्यात डॉक्टर आले. नवे होते, पुण्याकडचे. तपासणीत जंतू सापडले होते, म्हणून काय काय खाल्लं ते विचारत होते.

"रस्सा, भात, कांदा, सांबार," आई म्हणाली.

"सांबार नीट उकळलं होतं का?"

आईने गिळलेला सगळा राग त्यांच्यावर निघाला. "सांबार कोण उकळते? कच्चंच टाकतो ना वरून!"

डॉक्टर चक्रावले. त्यांच्या डोळ्यांपुढे इडलीबरोबरचं सांबार असणार. मला तशातही हसू आलं. "कोथिंबीर हो, डॉक्टर. इथी तिले सांबार म्हणतेत."

तेही हसले आणि मधेच थांबले. "चिरली कशावर?"

"पावशीवर." पावशी म्हणजे आमची विळी.

"आणि कोंबडा?"

"त्याच पावशीवर. पाण्यानं धुतली होती ना मी!"

मग त्यांनी नीट समजावलं. कोंबडीच्या आतड्यात हे जंतू असतात, तिला त्यांचा त्रासही नसतो. रस्सा खदखदला, मांस आतपर्यंत शिजलं की ते मरतात. पण पात्याला आणि हाताला चिकटलेले नुसत्या पाण्याने जात नाहीत, ते कच्च्या कांदा-सांबारातून पोटात जातात. म्हणून कच्चं आधी चिरायचं, कोंबडा शेवटी, आणि पावशी, हात साबणाने घासायचे. पोट बिघडलंच तर ओआरएसचं पाणी घोट घोट पाजायचं. शौचातून रक्त पडलं की वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

आईने यातलं एकच धरलं. "म्हणजे माह्या रस्स्याचा दोष नाई?"

"रस्सा निर्दोष," डॉक्टर म्हणाले. वहिनीची सासू मात्र खिडकीबाहेर पाहत राहिली.

यंदा आईने कच्च्यासाठी वेगळी पावशी घेतली आणि ती चक्क माझ्या हाती दिली. एवढी बढती मला नोकरीतही मिळाली नाही. पण जेवायला कोण येईल याची धास्ती आम्हा दोघींनाही होती. बाया आल्या, बसल्या, एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या. भाताला कोणी हात लावेना.

तेवढ्यात वहिनीची सासू रिकामं भांडं घेऊन अंगणात आली.

"सुनेले दिवस गेले," ती आईला म्हणाली. "तिले दुसरं काही जात नाई. तुह्याच हातचा रस्सा पाह्यजे म्हणते."